लिंबांसाठी मडकं

माझे वडील, आबा, पहिल्यांदा वारले, तो मंगळवार होता. दुसऱ्यांदा वारले त्याला आता चार महिने झाले. त्याविषयी मला अजून लिहवत नाही, म्हणून पहिल्याविषयी लिहितो.

दुष्काळाचं साल होतं. जामखेडच्या टोकाला, ओढ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. मागे आबांनी लावलेली लिंबाची अकरा रोपं आणि एक विहीर. विहिरीच्या तळाशी एक वाळलेला बेडूक होता. (बाकीचे वेळेवर निघून गेले असावेत.) आबा दोन महिने तापानं अंथरुणावर होते. खाटेवरून त्यांना खिडकीतून रोपं दिसत. पान गळालं की म्हणत, "लिंबं जगली तर उठतो. न्हाई तर ऱ्हाऊ दे."

ते हे चेष्टेत म्हणत नव्हते. त्यामुळे मी घाबरलो.

मी शाळामास्तर. मला नांगर धरता येत नाही, म्हणून मी पुस्तकी उपाय सुरू केले. परातीत बसून आंघोळ करायची आणि परात रोपांत ओतायची. तांदूळ धुतलेलं पाणी रोपांना. शाळेत मुलांच्या पेल्यांत उरलेले घोट मी बादलीत जमवू लागलो आणि पाट्यांवर पाणी घालायला बंदी केली. ("गुर्जी, मग थुकीनं पुसू?" हा प्रश्न मी ऐकला नाही असं दाखवलं.) शेवटी डोकं धुवायला लागणारं पाणी मोजलं आणि न्हाव्याकडे जाऊन गोटा करून आलो.

बायको दारातच थबकली. "अहो! वडील घरात असताना डोकं भादरून आलात?"

"दीड तांब्या वाचतो," मी म्हणालो. "मिशी ठेवलीय."

मग एका शेतकी मासिकात वाचलं, की मडक्याला बारीक भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून ते रोपाच्या मुळाशी पुरावं. थेंब थेंब पाणी झिरपतं, वाया जात नाही. मंगळवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर तसाच रखमाजी कुंभाराकडे गेलो.

आमच्याकडे मडकं घेताना ते बोटानं वाजवून, नाद ऐकून घेतात. मर्तिकाचं मडकं तेवढं कुणी वाजवत नाही. मला भोकच पाडायचं होतं, नाद काय बघायचा? मी पहिलंच समोरचं उचललं.

रखमाजीनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग मडक्याकडे. हळू आवाजात म्हणाला, "कोन गेलं, मास्तर?"

मी रोपांच्याच विचारात होतो. "अजून कोणी नाही," मी म्हणालो. "पण अकरा आहेत, आणि वेळ थोडा आहे."

"अकरा?"

"आज एकच नेतो. बाकीची दहा जसजशी लागतील तशी. भोक तेवढं पाडून द्या."

रखमाजी दोन पावलं मागे सरला. "ते मी न्हाई पाडायचं, मास्तर. ते तुमचं तुमी."

मी खिळा घेऊन दगडानं भोक पाडलं, चिंधीची वात घातली. त्याच्या मातीच्या हौदातलं गढूळ पाणी भरून पाहिलं, तर वातीतून छान ठिबकत होतं. आता हे ओतून कशाला द्यायचं? रोपांनाच घालू! भरलेलं मडकं डाव्या खांद्यावर घेतलं आणि निघालो.

दुपारचे बारा वाजले होते. ऊन पांढरं पडलं होतं. माझ्या टाचेमागे थेंब पडत होते आणि पडताच नाहीसे होत होते. मी जवळून गेलो तसं शिंप्याचं मशीन थांबलं. एका बाईनं पोराला ओढून घरात घेतलं आणि दार लावलं. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. मी मान हलवली. त्यानं हात जोडले.

मग मागून पावलं वाजू लागली. आधी एक जोड, मग बरीच. मी वळून पाहिलं नाही. मडकं हिंदकळलं असतं.

"तिरडी कुठंय?" मागे कुणीतरी कुजबुजलं.

"फुडं गेली आसंल."

मला वाटलं, कुणाची तरी अंत्ययात्रा चाललीय. आदर म्हणून मी चाल मंद केली. मागच्यांनीही केली.

पुढचा भाग मला आबांकडून कळला, आणि पुढे वीस वर्षं कळत राहिला. आबा त्या दिवशी उठून काठी टेकत वळणावरच्या कडुनिंबाखाली येऊन बसले होते. मडक्याच्या आड मला ते दिसले नाहीत. त्यांना मडकं दिसलं, गोटा दिसला, चेहरा दिसला नाही. रीत म्हणून ते उठले आणि शेवटी सामील झाले. शेजारी खडी फोडायच्या कामावर आलेला एक परगावचा माणूस होता.

"कोन गेलं, पाव्हणं?" आबांनी विचारलं.

"मास्तरचा बाप."

आबांनी काठी पुढे टेकली. "कसा हुता मानूस?"

"चांगला म्हनत्यात. जरा चिक्कट हुता."

मी घरात शिरलो. बायको टँकरच्या रांगेत गेलेली. खाट रिकामी! गोधडीत आबांच्या अंगाचा खळगा तसाच होता. "आबा?" मी हाक मारली. मागच्या दारी पाहिलं, नाहीत. वळलो, तर अंगणात तीसेक माणसं माना खाली घालून उभी. त्यांना काहीतरी माहीत होतं, जे मला माहीत नव्हतं.

"आबा... गेले?" मी त्यांनाच विचारलं.

टोपी काढलेला म्हातारा पुढे झाला. "व्हय मास्तर. आता सोसाया पायजे."

माझ्या खांद्यावरून मडकं निसटून फुटलं. मी उंबऱ्यावर बसलो आणि हंबरडा फोडला. दोनचार जणांनीही फोडला.

"आरं, गेलो तर मंग मी कोन हाय?" गर्दीच्या मागून आवाज आला.

गर्दी दुभंगली. पुढचे तिघे ओढ्याच्या दिशेनं पळाले, ते परत आले नाहीत. आबा काठी टेकत माझ्यापर्यंत आले, खापऱ्यांकडे पाहत म्हणाले, "कडच्या रोपाला कोंब फुटला, त्यो सांगाया तुज्याकडं निघालो हुतो. तर तू मला पोचवाया निघालेला!" मग अंगणाकडे वळून कडाडले, "आन तुमी! मिशी ठिवून कोन बापाला अग्नी देतं का? येवडं तरी बघावं!"

आबांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "आलाच हाय, तर रिकाम्या हातानं जाऊ नका. मागं अकरा खड्डं खनायचं हायेत."

ज्याला आपण मेलेला समजून आलो, त्याच्या देखरेखीखाली खड्डे खणताना माणसं मान वर करत नाहीत. नुसता कुदळीचा आवाज. परगावच्या पाहुण्याला आबांनी दोन खणायला लावले. संध्याकाळी रखमाजी मडकी घेऊन आला, पण ओट्यावर आबांना पाहून ती रस्त्यावरच ठेवून गेला.

अकरापैकी चार रोपं तगली.

आता आबा नाहीत. त्यांनी वाढवलेल्यांपैकी झाडं चार उरली आहेत, पाचवा मी. लिंबं त्या चौघांनाच लागतात.