कृष्णाकाठ संघ उत्तरेला निघाला तेव्हा

विमानात पाय ठेवण्याआधीच मी निम्मा प्रवास भीतीत संपवला होता. धाकट्या भावाने, संभाने, फोनवर बजावलं होतं, "आक्का, खसखस आणू नगंस. हितं चालत न्हाई, पकडत्यात." आता खसखशीशिवाय अनारसे कसे करायचे? शेवटी रव्यावर थापले. दिसायला बरे झाले, चवीला बेताचेच. तरी मुंबई सोडल्यापासून मला एकच वाटत राहिलं, की आमच्या डब्यात आधी खसखस असायची, एखादा दाणा कडेला चिकटून राहिला असेल तर? दोह्याला उतरल्यावर गणवेशातल्या बाईने नेमका तोच डबा उघडला. एक अनारसा उचलून तिने उलटसुलट पाहिला, वास घेतला आणि हसून परत ठेवला.

मी मुळातच भित्री. आमच्या गावात कृष्णेला पाणी चढलं की सगळे बघायला जातात, मी आधी कागदपत्रं पिशवीत भरते. असली बाई साठी उलटल्यावर एकटी परदेशी निघाली, याला कारण संभा. तो कतारमध्ये शाळेची बस चालवतो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको सुनंदा गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. गेल्या उन्हाळ्यात तो आपल्या खोलीत चक्कर येऊन पडला. बरोबरचे दोघे सुट्टीवर गावी गेलेले. दर शुक्रवारी कबड्डी बघायला जाणारा तो त्या शुक्रवारी मैदानावर आला नाही म्हणून तिथली पोरं बघायला आली, दार तोडलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. हे सगळं मला पंधरवड्याने कळलं. तेव्हाच ठरवलं होतं की याला घेऊनच यायचं.

बाहेर तो उभा होता. शर्ट खांद्यावरून ओघळत होता, गालफडं बसली होती. मला रडू आलं ते मी घामाच्या नावावर पुसलं. थंडीचे दिवस होते, घाम कुठला यायला!

संभाच्या खोलीवर सगळे एकटे पुरुष, तिथे मला राहता येणार नव्हतं. माझी सोय दोह्याच्या अल हिलाल भागात ब्रिजेटकडे होती. ब्रिजेट मूळची वसईची, इस्पितळात नर्स आहे. तिची मुलगी संभाच्याच बसने शाळेत जाते. मी मराठीत विचारलेलं त्या मुलीला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. ब्रिजेटने पहिल्या दिवशी चिंच घालून बोंबलाचं कालवण केलं आणि मला वाढता वाढता म्हणाली, "ताई, संभाभाऊंना नेण्याचं आत्ता काढू नका हां. त्यांच्या टीमचं मोठं टेन्शन चाललंय."

ते टेन्शन मला दुसऱ्या दिवशी कळलं. संभा मला करक (दूध आटवून वेलदोडा घातलेला कडक चहा) प्यायला घेऊन गेला. इथे चहाच्या टपरीपुढे गाडी उभी करून हॉर्न वाजवला, की माणूस गाडीत चहा आणून देतो. आमच्याकडे असा हॉर्न वाजवला तर कपाऐवजी शिव्या मिळतील. पहिला घोट घेतला आणि संभाने सांगायला सुरुवात केली.

आमच्या भागातल्या पोरांचा कृष्णाकाठ संघ. सगळे दोह्याशेजारच्या अल रय्यानमधल्या एका पाटील शेठच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात खिडक्या-दारं बनवणारे. पाटीलच त्यांचा कफील (ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक) आणि संघाचा मालकही. बूट, कपडे, स्पर्धेची वर्गणी, सगळं तोच बघायचा. आता त्याची तब्येत बिघडली होती, तो कायमचा गावी निघाला होता. संघ जाधव नावाच्या दुसऱ्या शेठकडे जाणार होता, आणि या जाधवचं सगळं काम मदिनत अश शमालला, म्हणजे पार उत्तरेच्या टोकाला.

"त्याला कबड्डी आवडत न्हाई म्हणं," संभा म्हणाला. "क्रिकेटवाला हाय. न्हेईल तिकडं आणि दील सोडून. यल्ला, म्हंजी चला, म्हणायचं, खलास करायचं."

"मग तू काय करणार?"

"मी काय करणार! मला कुठं खेळायचं हाय."

या संघाने यंदा एकही सामना जिंकलेला नव्हता, आणि माझा भाऊ त्याच्यासाठी घरचं माणूस आजारी असल्यासारखा सुकत चालला होता. मला खरंच भीती वाटली. संघ गेला तर शुक्रवारी हा आला नाही, हे कुणाच्या लक्षात येणार?

शनिवारी ब्रिजेटने गाडी दिली आणि आम्ही मदिनत अश शमाल बघून यायचं ठरवलं. निदान जागा तरी कशी आहे ते कळेल. दोहा सोडलं की रस्ता सरळ, रुंद आणि गुळगुळीत. दोन्ही बाजूंना खडे, मुरूम आणि मातकट सपाटी. झाड नाही, चढ नाही, डोळा टेकवायला जागा नाही. मधूनच एखादी मशीद, एखाद्या मळ्याची लांबलचक भिंत. मी सारखी पेट्रोलच्या काट्याकडे बघत होते. संभा म्हणाला, "आक्का, काटा काय तू बघितल्यानं वर येणार हाय व्हय?"

शमाल म्हणजे उत्तर, आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यालाही तेच नाव. गावाजवळ आल्यावर त्या वाऱ्याने गाडी बाजूला ढकलल्यासारखी वाटू लागली. गाव तसं नेटकं होतं. दुकानं, गॅरेज, एक भाजीवाला, उथळ निळा समुद्र. जवळच किनाऱ्यावर एक जुनं कोळ्यांचं गाव ओस पडलेलं दिसलं. नुसत्या भिंती उरलेल्या, आत वाळू. माणसं नव्या वस्तीला राहायला गेली, असं तिथे फिरायला आलेल्या एका केरळी माणसाने हिंदीत सांगितलं. मला तिथे थांबवेना. संभा एका पडक्या उंबऱ्यात उभा राहून बराच वेळ समुद्राकडे बघत होता.

परत येताना मी विषय काढला. "संभा, चल माझ्याबरोबर गावी. बास झालं."

"गावात काय हाय?" तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "सुनंदा न्हाई त्या घरात. तू कराडला पोराकडं. मी तिथं बी एकटाच की. हितं निदान शुक्रवार तरी येतो."

त्याचं खोटं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी संघाचा इथला शेवटचा सामना होता आणि जाधव शेठ तो बघायला येणार होते. संघाचा कप्तान दत्ता आदल्या दिवशी ब्रिजेटच्या घरी आला. पलूसकडचा, उंचापुरा, पण बोलताना नजर जमिनीवर.

"आक्का, आम्ही शेठचा सत्कार करायचं ठरवलंय. शाल, श्रीफळ, फेटा. आणि तुमी ओवाळायचं."

"मी? मी त्यांची कोण?"

"म्हणून तर. तुमी ओवाळलं की त्यो भाऊ झाला. भावाला वाईट वागता येत न्हाई."

हसू आलं, पण डाव काही वाईट नव्हता. आमच्या गावात रस्ता, पाण्याची टाकी, शाळेची खोली, सगळं असंच मिळालेलं आहे. आधी गळ्यात हार, मग मागणं. मला भीती वाटत होती ती वेगळीच. हा सगळ्यांचा शेवटचा उपाय होता आणि तो त्यांनी माझ्या हातात दिला होता. नेमका माझ्या हातून फसला तर?

मैदान म्हणजे अल रय्यानमध्ये कारखान्यांच्या मागची मोकळी रेती, चुन्याने आखलेली. भोवती आपलीच माणसं. सातारा, सांगली, बीड, कोकण, सगळ्या बोल्या एकत्र कालवलेल्या. जाधव शेठ वेळेवर आले, ठेंगणे, जाड चष्म्याचे, कोल्हापूरकडचे. खुर्चीत बसले ते हात बांधूनच. संभा त्यांच्याकडे एक डोळा आणि मैदानाकडे एक डोळा ठेवून होता. सामना बघवत नव्हता. चढाईला गेलेला परत येईना, आणि दोनदा सगळा संघ बाद होऊन आपल्यावर लोण चढला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा संभा माझ्याकडे न बघता म्हणाला, "पडक्या संघाला कोण ठेवून घेईल, आक्का?"

मग सत्कार. फेटा बांधून झाला, शाल घातली. मी ताट घेऊन पुढे झाले. कणकेचा दिवा ब्रिजेटने सकाळी करून दिला होता. मी ताट फिरवलं आणि वाऱ्याने दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तेव्हा ब्रिजेट आपली ओढणी दोन्ही हातांनी पसरून वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली आणि दिवा टिकला. मी कुंकू लावलं, ओवाळलं. शेठने रिवाजाप्रमाणे खिशात हात घातला, आणि मी ताटावर तळहात ठेवला.

"पैसे नकोत, भाऊ. संघ इथेच ठेवा."

जाधवांनी चष्मा काढला, शालीला पुसला, परत घातला.

"आक्का, चांगली पकड केलीत," ते म्हणाले. "पण मी कुणाला न्हेत न्हाई हो. पाटलांचा कारखाना या महिन्यात बंद होतोय. ही पोरं घ्यायला कुणीच तयार न्हवतं. सगळी घरी जायची. मी म्हटलं, माझ्याकडं काम हाय, राहायला जागा हाय, आणा. आता कामाला तिकडं, राहायला तिकडं, तर संघ हितं कुणाचा ठेवू? कबड्डीतलं मला काय बी कळत न्हाई. पण पोरं खेळणार. ते मी थांबवणार न्हाई."

मी दत्ताकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. संभाकडे पाहिलं, तो रेतीत पायाने रेघ ओढत होता. यातलं कुणालाच काही नवीन नव्हतं. कुणाला ते मान्य करायचं नव्हतं, एवढंच.

आता काय मागायचं? संघ मागितला तर पोरांची भाकरी जात होती. भाऊ मागावा, तर तो येणार नव्हता. ताट माझ्या हातात जड झालं होतं.

"मग दुसरं द्या," मी म्हटलं. "शुक्रवारी हा संभा तुमच्या तिकडच्या मैदानावर दिसला नाही, तर कुणीतरी येऊन याचं दार वाजवायचं. तेवढी ओवाळणी द्या."

"आक्का!" संभा चिडला. "मी काय ल्हान पोर हाय व्हय? तासाभराचा रस्ता हाय त्यो!"

"तू गप्प बस," मी म्हटलं.

जाधवांनी संभाकडे पाहिलं, मग दत्ताकडे. दत्ता म्हणाला, "देऊन टाका, शेठ." शेठने ताटाला हात लावून तो कपाळाला लावला. "दिलं," म्हणाले.

परत निघताना संभा माझ्याशी धड बोलत नव्हता. भर मैदानात लाज काढली म्हणे. विमानतळावर मात्र बॅग माझ्या हातात देईना, शेवटच्या दारापर्यंत स्वतःच ढकलत आला. काचेपलीकडे तो छोटा होत गेला आणि मी त्याला इथेच सोडून चालले आहे, या विचाराने मला विमानात पाणीसुद्धा गेलं नाही.

कराडला आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी उंच इमारती सांगितल्या, निळा समुद्र सांगितला, गाडीत मिळणारा चहा सांगितला. आतली गोष्ट कुणाला सांगितली नाही. शब्द काय, कुणीही देतं. ताटापुढे, चारचौघांत, फेटा बांधलेला असताना तर हमखास देतं. पुढे तो पाळायला तासाभराचा ओसाड रस्ता असतो, आणि माणसं दमलेली असतात. मी दर शुक्रवारी देवापुढे दिवा लावायची आणि त्याचा फोन येईपर्यंत जेवायची नाही.

एका शुक्रवारी फोन आला नाही. मी केला, उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा केला. ब्रिजेट ड्युटीवर, तिचा फोन बंद. मग दत्ताला लावला. मागे वारा आणि गाडीचा आवाज येत होता. तो एवढंच म्हणाला, "संभामामा आज आला न्हाई, आक्का. आम्ही निघालोय," आणि फोन तुटला. मला ती सपाटी दिसायला लागली. झाड नाही, चढ नाही. मुलगा म्हणाला, आई, आडवी हो. मी उंबऱ्यातच बसून राहिले.

फार वेळाने फोन वाजला. संभाच होता, आणि ओरडत होता. ताप आला म्हणून गोळी घेऊन झोपला होता, फोन उशीखाली मुका पडलेला. "दार बडवून बडवून पाडायचं बाकी ठेवलंय ह्यांनी! आज मॅच होती आक्का, मॅच! ही सगळी हिकडं आली आणि समोरच्या संघाला पुढं चाल दिली. न खेळता हरलो! तुझ्यापायी!"

मी विचारलं, "किती जण आलेत रे?"

"सगळी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बसला. "शेठ पण आल्यात. दारात हुबी हायती सगळी. बस म्हणाय खोलीत जागा बी न्हाई."