खंडेनवमीची अक्षता

आमच्या फ्रिस्कोच्या घरात रायफल आली ती माझ्या हट्टाने. नवऱ्याचं म्हणणं, "घ्यायचीच तर झटपट चालणारी घे. दर गोळीला बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, कोण करत बसणार?" मी म्हटलं, मी करणार! मला तो बोल्टच तर आवडला होता. दांडा उचला, मागे ओढा, पुढे लोटून खाली दाबा, की काडतूस नळीत बंद. सगळा कारभार डोळ्यांसमोर. ट्रिगरही गुणी, बोट टेकवून हळूच दाबलं की झालं. वर्षभर दर शनिवारी मी नेमबाजीच्या रेंजवर जात होते.

हा खटाटोप एकाच गोष्टीसाठी. शेजारचा म्हातारा दर नोव्हेंबरला आपल्या रानात हरणाच्या शिकारीला माणसं नेतो, आणि मला जायचंच होतं. त्याची अट अशी, की त्या दिवशी एकही बार न काढलेल्या, थंड नळीतून एकच गोळी मारायची आणि तीनशे यार्डांवरची लोखंडी प्लेट वाजली पाहिजे. "ज्याची पहिली गोळी चुकते त्याने माझ्या रानात जनावर जखमी करायचं नाही," म्हणतो. नवरा गेल्या वर्षी चुकला होता. तरी मलाच म्हणाला, "तू रानातल्या कॅबिनवर ये ना. चहा करायला कोणीतरी लागेलच." असलं बोलणं मी विसरत नसते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी रिकामी रायफल बोल्ट उघडून पाटावर ठेवायला लावली. गंध, झेंडू आणि ओल्या कुंकवातल्या अक्षता, त्याही मूठभर! मी फुलं काढली, वरवर फडकं फिरवलं आणि ती पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईही रेंजवर आल्या आणि मागे खुर्चीत बसल्या. मी काडतूस घातलं, बोल्ट पुढे लोटला, तर दांडा खालीच बसेना. म्हातारा हाताची घडी घालून बघत होता.

"अगं, जोर लाव ना यार!" नवरा मागून ओरडला.

"तू गप्प बस," मी म्हटलं. वर्षभर जो लोण्यासारखा फिरला तो आज अडतो, म्हणजे काहीतरी अडकलंय. काडतूस बाहेर काढलं, मग अख्खा बोल्टच हाताने ओढून काढला. या रायफलीचं हेच सुख, त्याला पाना लागत नाही की स्क्रूड्रायव्हर. टॉर्च मारून पाहिलं, तर बोल्ट बसतो त्या खाचेत वाळून चिकटलेला लालभडक तांदळाचा दाणा! टूथपिकने उकरून काढला. नळीतून आरपार उजेड पाहिला.

"हे काय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ब्लेसिंग!" मागच्या खुर्चीतून सासूबाईंनी ठणकावलं.

बोल्ट परत बसवला, आडवी पडून काडतूस घातलं. आता दांडा अलगद बसला. वारा डावीकडून होता, म्हणून नेम जरा डावीकडे धरला. श्वास सोडला, बोट दाबलं. बार झाला, खांद्याला दणका बसला आणि क्षणभर काहीच ऐकू येईना. मग लांबून आला, टण्ण!

अरे बाप्पा, काय तो आवाज! मी तिथेच आडवी पडल्या पडल्या हसत सुटले.

म्हाताऱ्याने हॅट काढली. "नोव्हेंबरात तयार राहा," म्हणाला. "जोर लावला असतास, तर गोळी न मारताच घरी पाठवलं असतं."

नवरा अभिनंदन करायला आला. मी म्हटलं, "तूही ये ना कॅबिनवर."

"आणि चहात आलं घालत जा रे," सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "तिला तसाच आवडतो."