बॉयलरची भावकी

प्रियदर्शनीची नोकरी कळमनुरीत कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. "कॉम्प्युटरातल्या चुका काढते," असं तिची माय जनकाबाई सांगायची, की शेजारणी म्हणायच्या, "मंग करणारानं पहिल्यांदाच बराबर करावं की!" नांदेडला इंजिनिअरिंग, पुण्यात तीन वर्षं आणि आता पुण्याच्याच कंपनीचं काम घरून. जिथं यंत्र चुकलं तर माणूस मरतं, तिथल्या प्रोग्रामला आधीच छळून बघायचं, हे तिचं काम. बदल्यात सहा वर्षं एकच वाक्य ऐकून तिचे कान किटले होते: "आमच्याकडे तर चालतंय!"

सध्या तिचा जीव खाल्ला होता हळद शिजवायच्या बॉयलरनं. कंपनीनं त्याला छोटा कॉम्प्युटर बसवला होता. त्यात चार कामं एकाच वेळी चालायची. एक पाण्यावर नजर ठेवायचं, दुसरं वाफेच्या दाबावर, तिसरं जाळ सांभाळायचं आणि चौथं मालकाला मेसेज धाडायचं. चौघांत नोंदवही मात्र एकच; ती एकाच्या हातात असली की बाकीच्यांनी थांबायचं. पुण्यात हजार वेळा तपासलं, हजार वेळा पास. आखाडा बाळापूरजवळ व्यंकटरावांच्या शेतात मात्र दाब लाल रेघेपार गेला तरी जाळ वेळेत विझला नाही. एकदा नाही, दोनदा. आणि त्या बॉयलरपाशी हळद भरायला रोज उभी असायची जनकाबाईच.

शेवटी प्रियदर्शनी स्वतःच शेतात गेली. मेसेजची यादी उघडली आणि तिनं कपाळाला हात लावला. कंपनीनं धरले होते दोन नंबर. यादीत होते अकरा.

"एवढे काहून टाकले, काका?"

"आता बघा मॅडम," व्यंकटराव म्हणाले, "थोरल्याचा टाकला तर धाकला रुसून राहिला. जावयाला सोडावं तर पोरीला तकलीफ. आमाला भावकीत ऱ्हायचं हाय."

घोडं तिथंच पेंड खात होतं. शिवारात रेंज कशीबशी. एकेक मेसेज रखडत जायचा आणि अकरावा जाईस्तोवर मेसेजवाला वही सोडायचा नाही. दाबावर नजर ठेवणारा तोवर नुसता ताटकळत बसायचा.

दोन दिवसांनी तिचे साहेब, शिवशंकर सर, पुण्याहून थेट शेतात आले. तिच्या सहीवाचून दोनशे बॉयलर गोदामातून हलत नव्हते. तिनं जाळाच्या जागी बल्ब लावला, हवेच्या पंपानं सेन्सरवर दाब चढवला. 'हळद शिजली' हा मेसेज निघाला, काटा लाल रेघेपार गेला आणि बल्ब जळतच राहिला. विझला तेव्हा तिनं एकशे दहा आकडे मोजले होते.

"माहितीपुस्तकात लिहू ना, दोनच नंबर टाका म्हणून," सर म्हणाले. "शिवाय वर वाफ सोडायचा व्हॉल्व्ह आहेच."

तिनं व्यंकटरावांकडं पाहिलं. ते हळदीच्या ढिगाकडं पाहू लागले. व्हॉल्व्ह तारेनं करकचून आवळलेला होता. शिट्ट्या मारून वाफ वाया घालवतो म्हणे! दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं तिला मनापासून वाटलं. एक पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणार, दुसरा व्हॉल्व्हचंच तोंड बांधणार.

"असं करू सर," ती म्हणाली. "बारावा नंबर तुमचा टाकते. तार राहू द्या तशीच. खरा जाळ पेटवू. तुमच्या फोनवर मेसेज येईस्तोवर तुम्ही फक्त मायच्या जागेवर उभे राहा. मेसेज आला की सही करते."

सर हसले. ती हसत नाही असं दिसल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं, नांदेडहून गाडी गाठायची आहे म्हणाले आणि बोलता बोलता पार लिंबाखाली जाऊन उभे राहिले. व्यंकटरावही हळूच बांधापर्यंत सरकले होते.

जनकाबाईनं मात्र जाळ पेटणार एवढंच ऐकलं होतं. पदर खोचून, हळदीचं टोपलं डोक्यावर घेऊन ती रोजच्या जागी येऊन उभी राहिली.

"पेटवायचा व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई, माय." प्रियदर्शनीनं तिच्या डोक्यावरचं टोपलं खाली उतरवलं. पक्कड घेऊन व्हॉल्व्हची तार तोडली. मग रिपोर्ट काढला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'नापास' लिहिलं आणि खाली सरांना हवी होती ती सही केली.