टायरवर तळहात ठेवणारे मिस्त्री

चूक माझी होती आणि ती मी दुसऱ्याच्या नावावर खपवली, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःच्या सोयीचं काहीतरी लिहीन. मला ती सवय आहे.

ज्यांच्या नावावर खपवली ते मिस्त्री. बुलढाण्यात, मलकापूर रस्त्यावर घाट सुरू होण्याच्या जरा अलीकडे त्यांचं पत्र्याचं शेड होतं. गाडी आली की ते बॉनेट उघडत नसत. आधी उकिडवे बसायचे, टायरवर तळहात पसरून ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मग हात झटकत म्हणायचे, "गाडी केवढीबी असो भाऊ, रस्त्याले टेकते ते तळहाताएवढीच." तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, एकच वाक्य वीस वर्षं बोलणारा. आपण त्याला हसतो आणि गाडी मात्र त्याच्याकडेच नेतो.

माझं कृषी केंद्र आहे. पंचेचाळिशीनंतर मला गाडीची हौस आली आणि मी पुण्याहून एक जुनी, दणकट इंजिनाची गाडी आणली. सगळा जोर मागच्या चाकांवर. आपल्या रस्त्यांवर कडेचा मुरूम आणि बारीक गिट्टी असतेच. पाय जरा जास्त पडला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडीचं बूड एका बाजूला सरकायचं.

मिस्त्री पहिल्यांदा शेजारी बसले तेव्हा मी जोर दाखवायला पाय दाबला. गाडीनं शेपूट हलवलं. मिस्त्रींनी डॅशबोर्ड धरला.

"एवढ्या घाईनं कुठं चाल्ले? दूध आणाले?"

"जोर पाहा ना मिस्त्री!"

"जोर पाह्यला. जोर विकत आणला तुमी, पकड काऊन नाई आणली?"

पंधरा दिवस गाडी त्यांच्याकडे होती. मागचे टायर इतके कडक झाले होते की त्यांत नख रुतत नव्हतं. ते काढून त्यांनी जरा रुंद, मऊ रबराचे टायर बसवले. मागचे शॉकअब्सॉर्बर बदलले, सांध्यांतले झिजलेले रबरी बुश बदलले. हवा तपासायला मला सकाळीच बोलवायचे, टायर थंड असताना. एकदा त्यांनी डिकीत सोयाबीनचे दोन कट्टे, म्हणजे भरलेली पोती, टाकले आणि मला चालवायला लावलं. मागं वजन आल्यानं गाडी मुकाट्यानं निघाली. मी खूश झालो, तर त्यांनी कट्टे उतरवून घेतले. "रोज सोयाबीन घेऊन फिरसान का? पाय सुधरवा. झोपलेल्या लेकराच्या अंगावर गोधडी सारता ना, तसा पाय टेकवा."

गाडी ताब्यात देताना त्यांनी शेवटची सूचना केली. "टायरले चमकवू नका. मळकटच बरा तो."

त्याच उन्हाळ्यात माझ्या भाच्याचं लग्न होतं. वरात वडनेर भोलजीहून बुलढाण्याला यायची होती आणि नवरदेवासाठी माझीच गाडी ठरली. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, गावभर सांगत सुटली होती, "मामाच्या गाडीत येते माझा पोरगा."

वाटेत गाडी धुळीनं भरली. घाटाच्या पायथ्याशी गाड्या धुणारा एक माणूस होता. मी सजावटीची फुलं सांभाळून गाडी धुवून घेतली आणि टायरला चमक मारायला सांगितली. डिझेलात कालवलेलं काळं पॉलिश होतं त्याच्याकडे. तो म्हणाला, "काठालेच मारतो भाऊ, रोडले लागते तिथं मारत नसतात."

मी म्हणालो, "पूर्ण काळं कर. फोटो निघणार आहेत."

घाटातल्या तिसऱ्या वळणावर पुढची जीप हळू झाली. तिला मागे टाकायला मी पाय दाबला. मागची चाकं साबणावरून सरकावीत तशी सरकली. गाडी आडवी होऊन दगडी कठड्यावर आदळली. भाचा मागच्या सीटवर होता. दार आत दबलं आणि त्याचा उजवा कोपर मोडला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईनं विचारलं, "काय झालं रे? तू त नेहमी चालवतं."

माझ्या तोंडून जे निघालं त्याला क्षणही लागला नाही. "मिस्त्रीनं मागचं काम बिघडवलं होतं, ताई."

लग्न लागलं. नवरदेवाचा हात गळ्यात बांधलेला होता आणि त्यानं डाव्या हातानं हार घातला. लोक मला धीर देत होते.

तिसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो. घाटातून ट्रॅक्टरनं ओढून आणलेली गाडी तिथेच उभी होती. मिस्त्री मागच्या चाकाशी बसले होते. त्यांनी टायरच्या खाचेत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई सकाळी येऊन गेल्या," ते म्हणाले. "लय बोलल्या."

त्यांनी पॉलिशनं काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं.

"हे धुवून टाकू का?"

इथेच मी सुटू शकलो असतो. ते मला विचारत होते, आणि कशाबद्दल विचारत होते ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी म्हणालो, "टाका."

त्यांनी निरमा आणि घासणी घेतली आणि स्वतःच्या निर्दोषपणाचा एकुलता एक पुरावा स्वतःच्या हातांनी घासून काढला.

नंतर मी त्या खोट्यात असा अडकलो की हलताच येईना. त्यांच्याकडे गाडी न्यावी, तर लोक विचारणार, "हात मोडला तरी तिथंच?" नेली नाही, तर माझी गोष्ट आणखी पक्की होणार. मी नेली नाही. कोणी विचारलं की तीच गोष्ट सांगायचो, आणि दर वेळी तिच्यात एखादा तपशील वाढायचा. आधी काम बिघडलं होतं, मग नट ढिला होता, मग म्हणे त्यांना आताशा दिसतच नव्हतं. जीपवाले तुटले, मग टॅक्सीवाले. मिस्त्री कूलरच्या मोटरी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करू लागले.

माझ्या दुकानात पंप बिघडलेली माणसं यायची. मी त्यांना मिस्त्रींकडे पाठवायचो. तेवढीच आपली भरपाई, असं वाटायचं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "हाव, पंपाले चांगला हाय तो बुढा. गाडी नाई द्याची त्याच्या हाती." वाक्य माझंच होतं. गावभर फिरून ते माझ्या गल्ल्यावर परत आलं होतं. मी त्याला सुट्टे पैसे मोजून दिले.

भाच्याचा कोपर पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. दिवाळीला तो हसत म्हणायचा, "मामा, हा हात म्हंजे मिस्त्रीची आठवण." ताई लगेच त्यांच्या नावानं बोटं मोडायची. मी फराळाच्या ताटात पाहत बसायचो.

अशी चार वर्षं गेली. मागच्या महिन्यात कळलं की मिस्त्री शेड मोडून लेकीकडे अकोल्याला चालले आहेत. मी दुपारी गेलो. ते पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पोत्यात भरत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पॉलिश, फोटो, दवाखान्याचा व्हरांडा, वाढत गेलेले तपशील. सांगताना मला रडू आलं.

त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं.

"मले काऊन सांगता भाऊ? मले त त्याच दिवशी मालूम होतं. ज्याईले मालूम नाई, त्याईले सांगा."

मी तसाच वडनेरला गेलो आणि ताईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करताच तिनं दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "त्या माणसाले मी काय काय बोलली रे." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि भाच्याला हाक मारली. "चाल. आत्ताच्या आत्ता."

आम्ही पोचलो तेव्हा शेडसमोर टेम्पो उभा होता. एकेकाळचे त्यांचेच तीन जीपवाले सामान चढवू लागत होते. मिस्त्री दोरी बांधत होते. ताईला पाहून त्यांचे हात थांबले. आता परत बोलणी खावी लागणार, असं त्यांना वाटलं असावं, कारण ते नुसते खाली पाहत उभे राहिले.

मी जीपवाल्यांनाही जवळ बोलावलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतका आवाज काढला.

"घाटातला अपघात माह्या चुकीनं झाला. टायरले पॉलिश मीच माराले लावलं होतं, धुणारा नाई म्हणत असताना. मिस्त्रीचं काम बरोबर होतं. त्याईच्याबद्दल जे जे तुमी ऐकलं, ते सगळं मी बनवलं होतं. मिस्त्री, मी खोटं बोललो आन् ते तुमाले भोगा लागलं. मले माफ करा."