डावीकडचा क्लच

रेणापुरात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक जुनी गाडी, तिच्या टपावर पाटी आणि पाटीखाली मी. मला कोणी भागवत म्हणत नाही, सगळे सर म्हणतात, आणि ते मला फार आवडतं. शिकवायच्या गाडीत क्लच-ब्रेकच्या दोन जोड्या असतात. एक शिकणाऱ्यापुढे, दुसरी डावीकडे माझ्यापुढे.

माझ्या शेजारी सगळे झकास गाडी चालवतात. लातूरला लायसन्सच्या परीक्षेत मात्र शेजारी आरटीओचे साहेब बसले, की यांची गाडी जागीच बंद पडते. साहेबांचा चेहराच कडक, असं मी सांगत आलो. लोकांना ते पटायचं. मला तर सगळ्यांत आधी पटलं होतं.

ग्रामसेविका महामाया अशीच दोनदा नापास झाली. तिची बदली आडगावी झालेली, तिथं धड एसटी जात नाही, म्हणून तिनं जुनी गाडी घेऊन ठेवली होती. या खेपेलाही नापास झाली तर ती गाडी विकायची, असं घरात ठरलेलं. परीक्षा तोंडावर आली आणि तिला शिकवतानाच माझ्या गाडीनं पुलाच्या चढावर मान टाकली. इंजिन बोंबलतंय, गाडी हलेना, जळका वास सुटलेला.

रेवणसिद्ध मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट काढली. पार काळी पडली होती.

"हाफ क्लचवर चालून जळालीया," तो म्हणाला. "इतका पाय कोन ठिवतंय, सर?"

"शिकणारे, दुसरं कोण!" मी ठणकावलं. "सांगून सांगून घसा बसला माझा."

महामाया गाडीत डोकावून पायांच्या जागेकडं बघत होती.

"सर, आमच्या बाजूच्या क्लचचं रबर नव्यासारखं हाय. तुमच्याकडचंच कामून गुळगुळीत झालंय?"

मिस्त्री पाना पुसत बसला. मला उगीचच खोकला आला.

त्याचं असं आहे, मी जातीचा भित्रा. पुढं म्हैस दिसली की माझा पाय क्लचवर, ती गेली तरी तिथंच. इतकी वर्षं गाडी मीच चालवत होतो. शिकणाऱ्यांना वाटायचं ते चालवताहेत, आणि मला वाटायचं मी शिकवतोय. लाज वाटली मला, चांगलीच वाटली.

नवीन प्लेट बसल्यावर महामाया म्हणाली, "सर, आता मांडी घालून बसायचं."

बसलो. बाजाराच्या मोकळ्या मैदानावर गाडी गचके खायची, बंद पडायची. मी सीट घट्ट धरून विचारायचो, "दाबू का जरा?"

"न्हाई! पाय वर घ्या!"

दोन दिवस मी देवासारखा बसून होतो, फक्त चेहरा देवाचा नव्हता. तिसऱ्या दिवशी महामाया एकदाही गाडी बंद न पाडता फिरली.

परीक्षेला साहेब तिच्या शेजारी बसले आणि मी कुंपणापाशी उभा राहिलो. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. माझा डावा पाय मातीत रुतत चालला होता. गाडी जरासुद्धा मागं आली नाही, सरळ वर गेली. महामाया गाडीतून उतरली आणि लांबूनच तिनं हात वर केला. पास झाली होती. माझे डोळे भरून आले.

शेजारच्या माणसानं विचारलं, "तुमची कोन व्हती?"

"विद्यार्थिनी," मी म्हणालो. "पहिलीच."