मोकळा झालेला हात

नेरूळ गावातल्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानंही माझं विचारलं नाही; गाडीचं वय मात्र विचारलं.

"अठरा," मी म्हणालो.

"मंग लग्नाची झाली की!"

गाडी उभ्या जागी थरथरायची आणि तिसरा गिअर आपोआप निसटायचा. बायकोनं तिच्यात बसणंच सोडलं होतं आणि आम्ही ती विकायला काढली होती. मी तक्रारी सांगू लागलो, तशी त्यानं चालू गाडीच्या बोनेटवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"तुमी गप रावा. तिला बोलू द्या."

इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, त्यांचा पार पापड झाला होता. ती त्यानं बदलली. गिअरबॉक्समधून काढलेले झिजके भाग तर डॉक्टरनं नातेवाइकांना एक्स-रे दाखवावा तशा गंभीर चेहऱ्यानं मला दाखवले.

दोन दिवसांनी ट्रायलला तो शेजारी बसला. इंजिन इतकं शांत होतं, की ते बंद आहे समजून मी पुन्हा चावी फिरवली. गाडी किंचाळली. तो पोट धरून हसला.

पुढे रस्त्यावर मी तिसरा गिअर टाकला आणि दांडा घट्ट दाबून धरला. इतकी वर्षं आपण गाडी अशीच चालवतोय, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. त्यानं माझी बोटं हळूच सोडवली.

"सोडा आता, सायब. ती नाय पलनार. आजारी ती व्हती, सवय तुमाला लागली."

गाडी आम्ही विकली नाही. त्या दिवशी घरी परतताना मात्र डाव्या हाताचं करायचं काय, हे मला वाशी येईपर्यंत कळलं नाही.