मलई कोफ्त्याची चौकशी

"हे बदलून द्या," एवढंच मोहरील काका म्हणाले होते. आवाज न चढवता, वाटी माझ्याकडे सरकवून. समोर काकू ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. तोंडातला घास गिळावा की टाकावा, हे त्यांना कळत नव्हतं. मी चमच्याच्या टोकावर जराशी ग्रेव्ही घेऊन चाखली. आंबली होती.

मी तेव्हा भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये केटरिंग सुपरवायझर होते. तिथल्या क्लबाला लागून एक रेस्टॉरंट होतं आणि कारखान्याचा वेल्फेअर विभाग ते चालवायचा. टेबलक्लॉथवर जुने डाग, पंखे कुरकुरणारे, पण टाउनशिपमधल्या लोकांचं 'बाहेर जेवायला जाणं' म्हणजे आमच्याकडे येणं. पगारानंतरच्या रविवारी व्हरांड्यात नंबर लागायचा.

काका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. मशीनवरून उतरलेला भाग, त्यांच्या भाषेत 'जॉब', मोजायचा, तपासायचा आणि पास नाहीतर रिजेक्ट करायचा, हे त्यांचं काम. नागपूरहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. लग्नाच्या वाढदिवसाला दोघं दरवर्षी आमच्याकडे यायचे. गुलाबांच्या वाफ्याकडचं टेबल, मलई कोफ्ता, बटर नान आणि शेवटी दोघांत मिळून एक आइस्क्रीम. काका रिटायर झाले, क्वार्टर सोडून भोपाळमधल्याच अयोध्या नगरात राहायला गेले, तरी हा नेम चुकला नव्हता. त्या वर्षीचं येणं मात्र शेवटचं होतं. मुलाने पुण्याला बोलावलं होतं आणि घरी बांधाबांध सुरू होती.

"आता कुठचं आमचं इथे येणं होतंय, वैशाली," काकू आल्या आल्या म्हणाल्या होत्या. "सलीमभाईंना सांग, आज जरा मन लावून करा म्हणावं."

सलीमभाई आमचे मुख्य कुक. कॉन्ट्रॅक्टवर होते, पण किचन त्यांचंच होतं. त्या संध्याकाळी नेमके ते रेस्टॉरंटच्या किचनमध्ये नव्हते. हेड ऑफिसचे डायरेक्टर आले होते, क्लबाच्या हॉलमध्ये त्यांचं डिनर होतं आणि सलीमभाईंना दुपारीच तिकडे जुंपलं होतं.

इथे थोडं धंद्यातलं सांगते. रेस्टॉरंटमधली प्रत्येक भाजी काही पहिल्यापासून करत नाहीत. लाल, पिवळी आणि पांढरी अशा ग्रेव्ह्या आधी करून ठेवतात आणि ऑर्डर आली की त्यातून भाज्या निघतात. मलई कोफ्त्याला पांढरी लागते. कांदा, काजू आणि मगज, म्हणजे खरबुजाच्या सोललेल्या बिया, यांची. ती चवीला सगळ्यांत नाजूक आणि बिघडायलाही सगळ्यांत लवकर. फ्रिजमध्ये दोन दिवस मजेत राहते. बाहेर, तेही मे महिन्यात, तिचा भरवसा धरू नये.

दुपारी वेल्फेअर ऑफिसर त्रिपाठी साहेब किचनमध्ये आले होते. डायरेक्टरांसाठी केलेली पुडिंगं गार करायला त्यांना फ्रिज हवा होता. मी जागा नाही म्हटलं. "जगह बनाई जाती है, मैडम," म्हणत त्यांनी स्वतः उभं राहून ग्रेव्हीचा डबा बाहेर काढायला लावला. मी सामान मोजून घ्यायला स्टोअरमध्ये गेले, तेव्हा पुडिंगं आत गेल्यावर डबाही परत आत ठेव, असं मदतनिसाला सांगून गेले होते. पण जागा उरलीच नाही. डबा ओट्यावर राहिला, सलीमभाईंच्या जागी उभ्या असलेल्या मदतनिसाने तो तसाच वापरला.

तर काकांची वाटी. बदलून देणं काही अवघड नव्हतं, हॉलमध्ये ताजी ग्रेव्ही पातेलंभर होती. पण आमच्याकडे वाढलेला पदार्थ परत घ्यायचा तर कॅन्सल स्लिप लागायची आणि तिच्यावर ऑफिसरची सही. त्याशिवाय किचनमधून दुसरी वाटी निघत नसे. मी हॉलमध्ये जाऊन त्रिपाठी साहेबांना गाठलं. ते टायची गाठ चाचपत बाहेर आले, ते वैतागूनच.

"बाकी टेबल से तो कोई शिकायत नहीं आई."

"सर, कोफ्ता और किसी ने मँगाया ही नहीं."

ते टेबलापाशी गेले. काका सवयीने उठून उभे राहिले.

"आप लिखित में दे दीजिए," साहेब म्हणाले. "पूरी कार्रवाई होगी."

"साहब, कार्रवाई नहीं चाहिए. बस दूसरा कोफ्ता दिलवा दीजिए. मिसेस को पसंद है."

"देखिए, शिकायत हो गई तो ये प्लेट अब सैंपल है. बदलकर दे दी, तो मतलब हमने मान लिया."

मी मध्ये पडून म्हटलं, "सर, सॉरी बोलकर हॉल से एक कटोरी ले आती हूँ."

"सॉरी किस बात का? अभी जाँच कहाँ हुई है?"

यात त्यांचा एकट्याचा स्वभाव नव्हता. आमच्याकडे सॉरी हा शब्दच कुणी उच्चारत नसे. सॉरी म्हणजे कबुली, आणि कबुली म्हणजे उद्या आपल्याच नावाची फाइल. माणसं घरी बायकोलाही सॉरी म्हणत असतील की नाही, मला शंका आहे.

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. काकूंनी नान लोणच्याशी खाल्ला. आइस्क्रीम कुणी मागवलं नाही. जाताना काकू गुलाबांपाशी जरा थांबल्या, मग काकांमागे निघाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. हॉलमधून पुडिंगचे ट्रे माझ्या समोरून जात होते.

यानंतर कार्रवाई खरंच झाली, हे मी मान्य केलंच पाहिजे. वाटी सीलबंद करून कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. तिथे बॉयलरचं पाणी आणि मशीनचं तेल तपासत. बिचाऱ्या केमिस्टने आमचा कोफ्ता यथाशक्ती तपासला आणि रिपोर्ट दिला की नमुना आंबट आहे, पण वाढताना आंबट होता की नाही ते सांगता येणार नाही. मग तीन अधिकाऱ्यांची कमिटी बसली. तिचे सेक्रेटरी, अर्थातच, त्रिपाठी साहेब.

अर्धं घर खोक्यांत भरलेलं असताना काकांना जबाबासाठी बोलावणं गेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मलाही बोलावलं होतं. फ्रिजमधला डबा कुणी आणि कशासाठी काढायला लावला, ते मी सरळ सांगून टाकलं. त्रिपाठी साहेब कागद चाळत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "मैडम, मौखिक आदेश रिकॉर्ड पर नहीं होता." आणि ड्यूटी चार्टवर त्या दिवसाचा कुक म्हणून नाव होतं सलीमभाईंचं. ते दाराबाहेर स्टुलावर बसले होते.

काकांनी विचारलं, "सलीमभाई का क्या होगा?"

"कॉन्ट्रैक्ट वाला है, हटा देंगे," अध्यक्ष म्हणाले. "आप निश्चिंत रहिए, आपको न्याय मिलेगा."

काकांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मैंने उम्रभर जॉब रिजेक्ट किए, साहब. आदमी नहीं किया. शिकायत वापस लेता हूँ."

पण नुसती तक्रार मागे घेऊन फाइल बंद होत नव्हती. कारण द्यावं लागतं. त्रिपाठी साहेबांनी मजकूर तयारच ठेवला होता: भोजन संतोषजनक था. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि सही केली. ज्या माणसाने सगळ्या नोकरीत कुणाच्या दडपणाखाली खराब भाग पास केला नव्हता, त्याच्याकडून आम्ही एक वाटी आंबलेली ग्रेव्ही पास करून घेतली. बाहेर पडताना त्यांनी सलीमभाईंच्या खांद्यावर तेवढा हात ठेवला.

दोन-चार दिवसांनी सलीमभाईंनी माझ्या टेबलावर एक डबा आणून ठेवला. "मैडम, घर पे बनाया है, अपने हाथ से. अपन जाएँगे तो शरम आएगी. आप दे आओ."

मी अयोध्या नगरात गेले. घरात बसायला खुर्ची उरली नव्हती. काकूंनी बांधलेल्या खोक्यावर मला बसवलं आणि स्वतः दुसऱ्यावर बसल्या. डबा उघडून त्यांनी बोटाने चव घेतली.

"छान झालाय गं. अगदी नेहमीसारखा." मग झाकण लावत म्हणाल्या, "पण आम्हाला तिथे बसून खायचा होता."

काका आतल्या खोलीत दोरी बांधत होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण दोरीचा आवाज थांबला. ते बाहेर आले नाहीत. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून काकूंनी कोफ्ता काढून घेतला, डबा विसळला आणि बांधलेलं एक खोकं सोडून त्यातली साखर मला घालून दिली.

पुढे मी ती नोकरी सोडली आणि भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या एका कारखान्याचं कँटीन चालवायला घेतलं. तिथे माझ्या लोकांना एकच गोष्ट पहिल्या दिवशी सांगायचे. ताट परत आलं की आधी सॉरी म्हणा आणि दुसरं वाढा. चूक कुणाची ते माणूस जेवून गेल्यावर बघू. यात फार तर एक वाटी भाजी वाया जाते.

आमच्या क्लबाने तीही जाऊ दिली नाही. मोहरील काका-काकू पुण्याला गेले, पुन्हा काही आले नाहीत. त्रिपाठी साहेबांनी फाइलवर शेवटचा शेरा मारला तो मी स्वतः वाचलाय: शिकायतकर्ता पूर्णतः संतुष्ट.